गोणीखाली सुटलेले पाणी

माझे लहानपण जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आमच्या आठवडी बाजारात मीठ गोणपाटावर ढीग घालून विकले जाई. जाडे, करड्या रंगाचे, मधूनच बारीक खडे असलेले. मृग नक्षत्र जवळ आले की ढिगाखालचे गोणपाट ओले दिसू लागे. घरी चिनी मातीच्या बरणीतल्या मिठालाही तीच कळा येई. मग आजी म्हणायची, “मिठाला पाणी सुटलं बघ, पाऊस काय लांब न्हाई आता.” तिचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्याहून उशिरा हे कळले की, गोणीखाली सुटलेल्या या पाण्यानेच सार्वजनिक आरोग्यातली एक मोठी योजना उष्ण देशांत बराच काळ अडवून धरली होती.

आज परभणीतल्या कुठल्याही किराणा दुकानात मिठाचे पाकीट उचलून पाहा. त्यावर हसऱ्या सूर्याचे चिन्ह असते आणि ‘आयोडीनयुक्त’ असे लिहिलेले असते. या मिठासाठी आपल्या नियमांत अनेक वर्षे दोन आकडे होते. कारखान्यातून निघताना दहा लाख भाग मिठात आयोडीनचे किमान ३० भाग, आणि ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५. कारखान्याच्या आकड्यात पुढे फेरफार झाले, पण ग्राहकाकडचा १५ हा आकडा कायम राहिला. हे दोन आकडे शेजारी मांडले की एक प्रश्न पडायला हवा. दूध किंवा साखर कारखान्यातून निघताना अमुक आणि घरी पोचताना त्याच्या निम्मी असली तरी चालेल, असे कुठलाही कायदा म्हणत नाही. मग मिठातल्या आयोडीनचे निम्मे वाटेत हरवेल, हे कायद्यानेच का धरून चालावे?

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. वर्गात विचारले तर हमखास एखादा विद्यार्थी म्हणतो, “सर, मीठ समुद्रातून येतं, समुद्रात आयोडीन असतं, मग वरून कशाला घालायचं?” प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर फळ्यावर दोन ओळींत काढता येते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते साधारण ६० मायक्रोग्रॅम. त्याच पाण्यात सोडियम क्लोराइड असते सुमारे २७ ग्रॅम. सगळेच्या सगळे आयोडीन मिठाबरोबर आले असे मानले, तरी दहा लाखांत दोन भागांच्या आसपासच भरते. प्रत्यक्षात तेवढेही येत नाही. मिठागरात सोडियम क्लोराइडचे स्फटिक आधी खाली बसतात आणि आयोडीन बहुतांशी मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहते. ते पाणी आगरातून काढून टाकतात. म्हणजे समुद्राकाठी राहणाऱ्याला आयोडीन मिळते ते मासळीतून. उरण-पेणच्या आगरातले साधे मीठ आणि आमच्या बाजारातले मीठ, आयोडीनच्या बाबतीत दोन्ही सारखीच कोरडी.

परभणीला समुद्र नाही आणि मिठागरही नाही. एकेकाळी लमाणांचे बैलांचे तांडे कोकणातून घाट चढून मीठ आणत आणि जाताना धान्य नेत. ‘लमाण’ हा शब्दच ‘लवण’वरून आला असे काहीजण मानतात. पुढे १९००च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग झाला. तो मीटरगेज होता. त्यामुळे मुंबईकडून रुंदमापी डब्यांतून आलेला माल मनमाडला उतरवून पुन्हा लहान डब्यांत भरावा लागे. १९९०च्या दशकात हा मार्ग रुंदमापी होईपर्यंत हाच प्रकार चालला. आगरातून वखारीत, वखारीतून वाघिणीत, मनमाडच्या फलाटावर, परभणीच्या मोंढ्यात, तिथून तालुक्याच्या दुकानात आणि शेवटी बाजाराच्या ढिगात. मिठाचा हा प्रवास काही आठवड्यांचा, कधी काही महिन्यांचा. आपली गोष्ट या प्रवासाचीच आहे.

आयोडीनचा शोध १८११ सालचा. नेपोलियनच्या युद्धांसाठी फ्रान्समध्ये तोफेच्या दारूचा सोरा बनवणारे बर्नार्ड कुर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होते. राखेच्या द्रावणात गंधकाम्ल जास्त पडले आणि जांभळी वाफ निघाली. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कोइंदे नावाच्या डॉक्टरांनी गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन देऊन पाहिले. गुण आला, पण मात्रा जास्त झाल्याने काहींना त्रासही झाला आणि या औषधाचे नाव खराब झाले. १८३०च्या दशकात बुसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेत पाहिले की, काही विशिष्ट खाणींचे मीठ खाणाऱ्या गावांत गलगंड कमी आहे आणि त्या मिठात आयोडीन आहे. असे मीठ सर्वांना द्यावे असे त्याने सुचवलेही होते. ते अमलात यायला नव्वद वर्षे लागली! मधल्या काळात, १८९५ मध्ये, बाउमान यांनी थायरॉइड म्हणजे अवटु ग्रंथीतच आयोडीन असल्याचे दाखवून दिले.

शिक्षकांना जवळचा वाटेल असा प्रयोग १९१७ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन या गावच्या शाळांत सुरू झाला. डेव्हिड मरीन यांनी मुलींना वर्षातून दोनदा सोडियम आयोडाइड दिले. घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींची वाढली. एवढा स्वच्छ फरक वैद्यकात क्वचितच पाहायला मिळतो. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९२४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने मिठात आयोडाइड घालायला सुरुवात केली आणि तिथला गलगंड झपाट्याने कमी झाला.

मग हीच युक्ती उष्ण देशांत लगेच का लागू झाली नाही? इथे गोणीखालचे पाणी आडवे आले.

शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषू लागते. पण आगरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड राहून गेलेले असते आणि ते ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलावा धरू लागते. म्हणून आजीची बरणी पावसाच्या आधीच ‘बोलायला’ लागे. स्वित्झर्लंड-अमेरिकेतले मीठ शुद्ध केलेले, कोरडे, कागदी वा पुठ्ठ्याच्या डब्यांत बंद आणि थंड हवेत ठेवलेले. त्यात घातलेले पोटॅशियम आयोडाइड बऱ्यापैकी टिकायचे. तिथेही ते टिकावे म्हणून मिठात थोडी डेक्स्ट्रोज साखर घालतच. आपल्याकडे ओल्या, मळकट मिठात तेच आयोडाइड घातले की दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे, खड्यांवर पाण्याचा पातळ थर धरतो, आयोडाइड त्यात विरघळते आणि ओघळत गोणीच्या तळाकडे जाते. वरचे मीठ रिकामे, तळाचे भरलेले, आणि काही भाग गोणपाटातून जमिनीत. दुसरी गोष्ट अधिक घातक. ओलावा, हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि मिठातले लोहासारखे मळ मिळून आयोडाइडचे ऑक्सिडीकरण करतात. त्यातून मूलद्रव्य आयोडीन सुटे होते आणि ते उडून जाते. कुर्त्वाने पाहिलेली जांभळी वाफच ही, फक्त इतकी विरळ की डोळ्यांना दिसत नाही.

हे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते पाहा. दहा लाखांत ३० भाग आयोडीन म्हणजे एक टन मिठात ३० ग्रॅम. ५० किलोच्या गोणीत दीड ग्रॅम! एवढेसे द्रव्य गोणभर मिठात सारखे पसरवायचे आणि शेवटच्या खड्यापर्यंत टिकवायचे, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर मध्य अमेरिकेतून आले. ग्वाटेमाला हाही आपल्यासारखाच उष्ण, दमट, जाडे मीठ खाणारा देश. तिथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या पोषणसंस्थेचे पहिले संचालक नेव्हिन स्क्रिमशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडाइडऐवजी पोटॅशियम आयोडेट कच्च्या मिठात घालून पाहिले. ते चांगले टिकते, असा त्यांचा निष्कर्ष १९५६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. यातली मेख दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. आयोडेटमधल्या आयोडीनला आधीच तीन ऑक्सिजन जोडलेले आहेत. त्याचे जे काही ऑक्सिडीकरण व्हायचे ते झालेले आहे. हवेतला ऑक्सिजन त्याचे आणखी काय बिघडवणार? पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा आयोडेट पाण्यात कमी विरघळते हे कारण पुढे केलेले असते. ते खरे आहे: १०० मिलिलिटर पाण्यात आयोडाइड १४० ग्रॅमहून जास्त विरघळते, तर आयोडेट सुमारे ९ ग्रॅमच. पण गोणीतल्या दीड-दोन ग्रॅमच्या हिशेबात हा फरक मला दुय्यम वाटतो. पाणी ओघळू लागले तर आयोडेटही त्याबरोबर जातेच. खरा फायदा हा की ते सहजी उडून जात नाही.

त्याच वर्षी, १९५६ मध्ये, हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात प्रा. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मोठा प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग केले. एकाला पोटॅशियम आयोडाइडचे मीठ, दुसऱ्याला साधे, तिसऱ्याला पोटॅशियम आयोडेटचे. सुरुवातीला तिन्हीकडे गलगंडाचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या घरात होते. सहा वर्षांनी आयोडाइडच्या विभागात ते १९ आणि आयोडेटच्या विभागात १५ टक्क्यांवर आले. साध्या मिठाच्या विभागात मात्र ते ४० झाले. यानंतर त्या मधल्या विभागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो या कामाच्या पायावर.

पण हा कार्यक्रम मुख्यतः हिमालयाच्या पट्ट्यापुरता होता. गलगंड म्हणजे डोंगरातला रोग, अशीच समजूत होती. मराठवाड्याचा त्यात विचारच नव्हता. पुढच्या वीस वर्षांत दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. आयोडीनची कमतरता मैदानी भागांतही आहे आणि गळ्याची गाठ हे तिचे फक्त दिसणारे टोक आहे. गरोदर आईला आयोडीन कमी पडले तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते, आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. १९९४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब सांगतो की, तीव्र कमतरतेच्या भागातील लोक आणि इतर यांच्या बुद्ध्यंकात सरासरी साडेतेरा गुणांचे अंतर पडते. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या एखाद्या मुलाला आपण सहज ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. त्याच्या जन्माआधी घरातल्या बरणीत कसले मीठ होते, हा प्रश्न आपल्या मनात येत नाही.

१९८४ मध्ये केंद्र सरकारने देशातले सगळे खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरवले आणि १९८६ पासून ते टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागले. खासगी उत्पादकांनाही परवानगी मिळाली. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून ‘गलगंड’ जाऊन ‘आयोडीन कमतरतेचे विकार’ आले. आता तो १५ चा आकडा कुठून आला ते पाहू. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. आपल्याकडे माणशी रोजचे मीठ १० ग्रॅम धरले, तर ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजेच दहा लाखांत १५ भाग. आणि वाटेत निम्मे जाईल असे धरून कारखान्यात ३०. मनमाडचा फलाट, ओल्या वाघिणी आणि बाजारातले गोणपाट या सगळ्यांचा हिशेब त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

कायद्याचा पुढचा इतिहास मात्र सरळ नाही. साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी घालणारा नियम १९९७ मध्ये निघाला आणि १९९८ मध्ये लागू झाला. सप्टेंबर २००० मध्ये केंद्राने तो मागे घेतला. लोकांनी काय खावे याची सक्ती नको, असे कारण देण्यात आले. नोव्हेंबर २००५ मध्ये तो पुन्हा काढला गेला आणि मे २००६ पासून लागू झाला. या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत नागपूरची अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था होती. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने हा नियम अन्नभेसळ कायद्याच्या चौकटीत बसत नाही असे म्हटले. पण लगेच रद्द केल्यास आरोग्याची हानी होईल म्हणून तो सहा महिने चालू ठेवायला सांगितले. दरम्यान ऑगस्ट २०११ पासून नवे अन्नसुरक्षा नियम लागू झाले आणि त्यांत ही तरतूद आली. विरोधकांचे सगळेच म्हणणे टाकाऊ होते असे मी म्हणणार नाही. लहान आगरवाल्यांवर येणारा भार आणि खाणाऱ्याचे स्वातंत्र्य हे प्रश्न खरे आहेत. पण न जन्मलेल्या बाळाला निवड करता येत नाही, या मुद्द्याचे समाधानकारक उत्तर मला त्या बाजूने मिळालेले नाही.

घराघरांतल्या मिठाच्या पाहण्यांत या चढउताराचे प्रतिबिंब पडते. १५ किंवा त्याहून जास्त आयोडीन असलेले मीठ वापरणारी घरे देशात १९९८-९९ मध्ये ४९ टक्के होती. २००५-०६ मध्ये ती ५१ टक्केच होती, म्हणजे सात वर्षे जवळजवळ वायाच गेली! २००९ मध्ये ७१ आणि २०१८-१९ च्या पाहणीत ७६ टक्के. अजूनही चारांपैकी एका घरात मीठ एकतर साधे असते किंवा त्यातले आयोडीन वाटेतच गळालेले असते.

कारण आयोडेट टिकाऊ असले तरी अमर नाही. मिठात सेंद्रिय मळ किंवा लोहाचे क्षार असले की ते आयोडेटचे क्षपण करून पुन्हा आयोडीन मोकळे करतात. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये उष्ण देशांतले मिठाचे नमुने दमट, तापलेल्या हवेत ठेवून तपासले. काहींतले ३० टक्के, तर काहींतले तब्बल ९८ टक्के आयोडीन नाहीसे झाले होते. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ते बरेच टिकले. परभणीचे हवामान आठवा: मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि पाठोपाठ जून-जुलैचा दमट वारा. सुटे खडेमीठ आजही गोणीतून विकले जाते. जनावरांसाठी साधे मीठ विकायला कायद्याची आडकाठी नाही, आणि बैलांसाठी आणलेल्या गोणीतूनच घरची बरणी भरली जाते, हे ज्याचे बालपण खेड्यात गेले त्याला सांगायला नको.

स्वयंपाकघरातही गळती आहे. आजी मीठ तव्यावर भाजून लोणच्यात घाली. भाजण्याचा हेतू मीठ कोरडे करण्याचा, आणि लोणच्यासाठी तो रास्तच. पण सुटे मीठ उन्हात वाळवणे, मळ जावा म्हणून पाण्याने धुणे, चुलीशेजारी उघडे ठेवणे या सवयी आयोडीनच्या मुळावर येतात. धुतलेल्या खड्यांवरचे आयोडीन पाण्याबरोबर मोरीत जाते. शिजवतानाही काही उडते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत पाण्यात उकळताना ३७, प्रेशर कुकरमध्ये २२ आणि भाजताना ६ टक्के घट आढळली होती. आमटी उकळताना मीठ शेवटी घालावे, एवढे तरी त्यातून घेता येईल.

हे सगळे वर्गात तपासता येते. झटपट चाचणीसाठी चमचाभर मिठावर पातळ कांजी, थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि एखादे विरल आम्ल यांच्या मिश्रणाचे दोन थेंब टाकावे. आयोडेट असेल तर आम्लात त्याची आयोडाइडशी क्रिया होऊन आयोडीन सुटते आणि कांजी निळी-जांभळी होते. ही चाचणी आयोडेटच ओळखते. मिठात आयोडाइड घातलेले असेल तर रंग येणार नाही. मीठ अल्कधर्मी असेल तर आम्ल त्यातच खर्ची पडते आणि रंग फसवतो, म्हणून रंग न आल्यास थोडे आम्ल आणखी टाकून पाहावे.

प्रमाण काढायचे तर कनिष्ठ महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरते. १० ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवावे, विरल गंधकाम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून दहा मिनिटे अंधारात ठेवावे, मग ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने अनुमापन करावे. द्रावण फिकट पिवळे झाले की कांजी घालावी आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब सोडावे. ब्युरेटवरचे मिलिलिटर गुणिले १०.५८, की दहा लाखांतले भाग मिळाले. १०.५८ कुठून आले ते विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे: आयोडेटच्या एका रेणूमागे थायोसल्फेटचे सहा रेणू लागतात आणि आयोडीनचा अणुभार १२७, एवढी सूचना पुरे.

मुलांना घरून मीठ आणायला सांगताना पाकिटावरची तारीखही लिहून आणायला सांगावी. एकाच पाकिटातला नमुना जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा तपासावा. आणि घरी गोणीचे मीठ असेल तर वरचे, मधले आणि तळाचे मीठ तीन वेगळ्या पुड्यांत बांधून आणावे.